नामपल्लीहून खाजनापर्यंत

नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये, वस्तुसंग्रहालयाच्या बाजूच्या बाकावर तुम्ही बसला आहात. जुने हैदराबादी या बागेला अजून बाग-ए-आम म्हणतात. मोबाइलवर एक चित्र उघडलं आहे. 1596 साली आम्स्टरडॅममध्ये छापलेल्या यान हायखेन फान लिन्सखोटेनच्या ‘इटिनेरारिओ’ या प्रवासग्रंथातलं, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं. गोव्याच्या शेतात राबणारा एक माणूस त्यात उभा केला आहे. त्याच्या कमरेला नावापुरतं वस्त्र आहे. चित्रांखालच्या लॅटिन आणि डच ओळी त्याच्यासारख्यांना ‘कानारीन’ म्हणतात. गोव्याच्या खेड्यांतल्या, जमीन कसणाऱ्या लोकांना पोर्तुगीजांनी सरसकट लावलेलं ते नाव. याच पुस्तकात पालखीत बसलेले पोर्तुगीज आहेत, हत्तीवर बसलेला कोचीनचा राजा आहे, गोव्याचा भरलेला बाजार आहे. या सगळ्या गर्दीत हा एक शेतकरी.

दोन बोटांनी चित्र मोठं करा. आणखी मोठं. पोटरीवरची एकच रेषा बघा. ती बारीक सुरू होते, मधे फुगते आणि शेवटी निमुळती होते. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. अशा रेषांच्या ओळींनी पोटरीला गोलाई आली आहे. पोटरी चांगली भरलेली आहे, मांडी घट्ट आहे, छाती रुंद आहे. आता याच पुस्तकात लिन्सखोटेनने या लोकांबद्दल काय लिहिलंय ते आठवा. हे लोक बहुतेक हाडकुळे, अंगात फारसा जोर नसलेले. खातात इतकं कमी की हवेवर जगतात असं वाटावं. आणि पोर्तुगीज त्यांना जनावरांसारखं वागवतात.

पुस्तक तेच, पण मजकुरातला माणूस हाडकुळा आणि चित्रातला धष्टपुष्ट. या दोघांपैकी खरा कोण, हे बाकावर बसून कळणार नाही. उठा.

उठलात की मागचा बाक नाहीसा होतो. साल 1583, आषाढ. बाग नाही, समोरचं स्टेशन नाही, चारमिनार नाही. हैदराबाद शहरच अजून वसलेलं नाही, त्याला आणखी आठ वर्षं आहेत. पश्चिमेला गोवळकोंड्याचा किल्ला आहे आणि तिथे मुहम्मद कुली कुतुबशहा नावाचा अगदी तरुण सुलतान तीन वर्षांपूर्वी गादीवर आला आहे. उत्तरेला हुसेनसागर आहे, बांधून वीसेक वर्षं झालेला. दक्षिणेला मुसी नदीवर पाच वर्षांचा नवा पूल आहे. पुढे त्यालाच लोक पुराना पूल म्हणतील. मधे तुम्ही उभे आहात ती सगळी ओलसर, उतरती जमीन. खाचरांत गुडघाभर चिखल आणि त्यात ओणव्या झालेल्या बायकांची रांग. भाताची लावणी चालली आहे. बायका मागे मागे सरकत जातात आणि त्यांच्यापुढे हिरवं शेत उभं राहत जातं.

थोडा वेळ इथे थांबा, कारण या बायकांचं चित्र कोणी काढलेलं नाही. दख्खनचे चित्रकार कमी नव्हते, पण त्यांच्या कागदावर दरबार आहे, घोडा आहे, बहिरी ससाणा आहे. हुसेनसागराच्या खालच्या अंगाला पाठ मोडेपर्यंत राबणाऱ्यांना तिथे जागा मिळाली नाही. ज्यांची घरं नांदेड, बीड, परभणीकडची आणि ज्यांच्या दोन पिढ्या कामासाठी या शहरात येऊन राहिल्या, अशा आपल्या मराठी माणसांना हे सांगावं लागत नाही. कष्टकऱ्याचा कागद शोधायला लागलं की हात रिकामेच येतात. गोव्याच्या त्या शेतकऱ्याचं निदान एक चित्र तरी आहे. म्हणून त्याच्याकडे जायचं.

वाट लांबची आहे. गोवळकोंडा, गुलबर्गा, विजापूर. विजापुरात इब्राहिम आदिलशहा दुसरा अजून पोरवयाचा आहे आणि राज्य दुसरेच चालवत आहेत. तुमच्या पुढे-मागे धान्याच्या गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे. घाट उतरताना पाऊस असा की पुढचा बैल दिसत नाही. गोवा बेटाच्या म्हणजे तिसवाडीच्या काठावर बाणस्तारीला खाडी ओलांडायची. इथे पोर्तुगीजांची चौकी आहे. बेटावर राहणाऱ्या माणसाला पलीकडच्या मुलखात भाजीपाला, धान्य आणायला जायचं तर त्याच्या उघड्या दंडावर शिक्का उमटवतात. परत येताना तो दाखवला की आत सोडतात. लिन्सखोटेनने हे पाहिलं आणि नोंदवलं आहे. तुमच्यासमोर एक बाई डोक्यावर पाटी सावरत दुसरा हात पुढे करते, शिपाई तिच्या दंडाकडे बघतो, तिच्या तोंडाकडे बघत नाही.

गोव्याच्या दक्षिणेकडच्या साष्टीतून आलेल्या बातम्या लोक दबक्या आवाजात बोलतात. याच जुलैत कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं. देवळं पाडली गेली होती, त्याचा राग गावात साचला होता. नंतर गावप्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावण्यात आलं आणि तिथे त्यांना ठार करण्यात आलं. एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेलं नव्या आर्चबिशपचं जहाज 21 सप्टेंबरला गोव्याला लागेल आणि त्यातून विशीचा एक डच मुलगा उतरेल. आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेकाचा तो कारकून. हार्लेममध्ये जन्मला, एन्कहाउझेन बंदरात वाढला. पुढची पाच वर्षं त्याचं काम पत्रं लिहायचं, हिशेब ठेवायचं. त्याची स्वतःची हौस मात्र वेगळी आहे. जे दिसेल ते टिपायचं. जहाजं किती माल नेतात, नारळापासून काय काय होतं, कोण कोणत्या जातीचं, कोण काय नेसतं.

एक पावसाळा ओलांडून 1584 च्या जूनमध्ये या. आकाश उतरून आलं आहे आणि तुम्ही खाजनात उभे आहात.

खाजन ही खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून गावांनी मातीचे बांध घालून ती राखली आहे. एका बाजूला खारं पाणी, कांदळवन आणि भरती-ओहोटी. दुसऱ्या बाजूला भात. मधे चिखल, पेंढा, फांद्या आणि जांभ्या दगडाचा बांध. बांधाच्या तोंडाशी लाकडी झडपांची दारं आहेत, त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी आत येऊ पाहतं तेव्हा त्याच्याच दाबाने झडपा मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. तिथे माणूस लागत नाही. मात्र बांधाला माणूस सतत लागतो. खेकडे त्यात बिळं करतात. बोटाएवढ्या बिळातून एका रात्रीत खारं पाणी शिरलं तर हंगाम गेला, आणि मीठ मुरलं तर पुढचाही धोक्यात.

तुम्ही शोधत होता तो माणूस बांधावर वाकून असंच एक बीळ चिखलाने बुजवतो आहे. काष्टी नेसलेला, पाठीवर इरलं. वय चाळिशीचं असेल. तिशीचंही असू शकेल, चिखलात राबणाऱ्या अंगावरून ते नक्की सांगता येत नाही. तो मान वर करतो.

“खंयचो तूं?”

“गोवळकोंड्याकडचा, दादा.”

गाव त्याला ठाऊक नाही, पण दिशा कळते. घाटावरचा. तुमची मराठी त्याला बरीचशी कळते, त्याची कोंकणी तुम्हाला निम्मी. कामापुरती तेवढी पुरे. तो इरलं डोक्यावरून काढून तुमच्या अंगावर टाकतो आणि नांगराकडे चालू लागतो.

आता हाच माणूस चित्राबाहेर, कामात असताना जवळून पाहा. पाय आधी पाहा. ते सपाट आणि रुंद आहेत, बोटं एकमेकांपासून फाकलेली. ती मिटली तर पाय चिखलात रुतेल. टाचांना भेगा आहेत आणि त्यांत काळी माती कायमची बसली आहे. पोटरी चित्रातल्यासारखी गोल नाही. हाडाला चिकटलेला एक लांब, ताठ स्नायू फक्त पाऊल उचलताना उठून दिसतो. कंबर एका बाजूला कललेली, कारण नांगराची मूठ एकाच हाताने दाबायची असते. दुसऱ्या हातात बैलांसाठी काठी. लाकडी नांगर हलका आहे, फाळ चिखलात खोल जात नाही, आणि जायलाही नको. खालचं खारं वर येईल. म्हणजे मूठ नुसती दाबायची नाही, उचलून धरायची. किती दाबायचं आणि किती उचलायचं हे तो बैलांच्या खांद्यांकडे बघून ठरवतो.

तो मूठ तुमच्या हातात देतो. दहा पावलांत नांगर आडवा पडतो. बैल थांबून मागे बघतात. तो हसत नाही. तुमचा अंगठा मुठीवरून काढून खाली, दांड्याला लावून देतो. तिसऱ्या फेरीत फाळ थोडा सरळ चालतो. पाचव्या फेरीला तुमच्या कमरेत कळ येते, आणि त्याची कंबर का कललेली आहे ते तुम्हाला वेगळं विचारावं लागत नाही.

पहिल्या पावसांनी मातीतलं मीठ धुऊन नेलं आहे. तो ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावतो, थुंकतो आणि मान डोलावतो. झालं, पेरायला हरकत नाही. कोरगुट नावाचं भात आहे, थोडा खारेपणा सोसणारं. दाणे भिजत घालून पेंढ्याखाली दाबून ठेवले होते, त्यांना पांढरे मोड आले आहेत. मोड इतके नाजूक की मूठ आवळली तर मोडतील. तो टोपली कडेवर घेतो आणि मनगटाच्या एका झटक्याने दाणे फेकतो. प्रत्येक वेळी सारख्याच अंतरावर, सारखेच विरळ. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामात हा झटका सर्वांत अवघड आहे. नांगर बैल ओढतात, भरतीचं पाणी झडप लावतं, पण हा अंदाज फक्त त्याच्या मनगटात आहे. वीस-पंचवीस पावसाळ्यांनी तो तिथे घातला आहे.

दुपारी तो घरी नेतो. माडांच्या खाली गवताने शाकारलेली झोपडी. दार इतकं बुटकं की रांगतच आत जावं लागतं. जमीन शेणाने सारवलेली. एक चटई, एक-दोन मडकी, आणि भात कांडायला जमिनीत केलेला खळगा. हे सगळं लिन्सखोटेनच्या पुस्तकात जसंच्या तसं आहे. इथवर तो नक्की आला होता, किंवा दारात वाकून त्याने आत नक्की डोकावलं होतं. शेणाने सारवल्यावर पिसवा होत नाहीत, एवढंदेखील त्याने लिहिलं. अशा गोष्टी कोणाला तरी विचारल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून या एका वाक्यासाठी मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

पण खळग्याशी असलेली बाई त्याच्या लिखाणात काम करताना दिसत नाही. तुम्ही मात्र बघता आहात. ती उभी राहून मुसळ उचलते, हात बदलते, पुन्हा उचलते. मुसळ खाली येताना श्वास सोडते. पायाच्या अंगठ्याने बाहेर उडालेले दाणे आत लोटते आणि त्याच वेळी पाठीमागे रडणाऱ्या पोराला काहीतरी म्हणते. पोटभर भातासाठी रोज हे करायचं, शेत, पाणी, माडाची राखण आणि बाजार सांभाळून. कोंबड्या, अंडी, दूध, फळं ती शहरात नेऊन विकते. बाणस्तारीला दंड पुढे करणारी बाई अशीच कोणी असेल.

ती तुमच्यापुढे पेज ठेवते. वर मिठाचा खडा आणि भाजलेला सुका मासा. तुम्ही दोन वेळा मागता आणि ती वाढते. तिसऱ्यांदा मडक्याच्या तळाशी पळी घासल्याचा आवाज येतो, तेव्हा तुम्ही थांबा. हे लोक हवेवर जगतात असं त्या डच मुलाला का वाटलं, ते या आवाजात आहे.

निघताना त्याला नाव विचारा. तो सांगतो. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते माझ्याजवळ असलेल्या कुठल्याच कागदावर नाही आणि मी एखादं शोभेसं नाव बनवून त्याला चिकटवलं तर पाद्र्यांनी, कारकुनांनी आणि नक्षीकारांनी केलं तेच मीही केल्यासारखं होईल. बाप्तिस्मा झाला असेल तर त्याची दोन नावंही असतील, एक चर्चच्या वहीतलं आणि एक घरातलं. त्याने तुम्हाला कोणतं सांगितलं ते तुमच्याजवळ राहू द्या.

परतीच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला तो डच तरुण दिसेल. बूट चिखलाने भरलेले, अंगात घामट कपडे. कागद हातात आहे की नाही ते दुरून कळत नाही. शेताकडे तो बराच वेळ बघतो. पण बांधावर येत नाही. आर्चबिशपच्या कारकुनाने काष्टी नेसलेल्या माणसाशेजारी चिखलात उभं राहायचं नसतं. त्याची सगळी गडबड इथेच होते असं मला वाटतं. रस्त्यावरून बघितलं की माणूस आणि त्याचं वस्त्र दिसतं, पण नांगराच्या मुठीवर अंगठा कुठे आहे ते दिसत नाही.

आता 1595 मध्ये, हॉलंडमध्ये या. लिन्सखोटेन मधल्या काळात पुष्कळ भटकला आहे. 1588 च्या अखेरीस त्याने गोवा सोडला, परतताना अझोर बेटांवर दोन वर्षं अडकला, 1592 मध्ये एन्कहाउझेनला घरी पोचला. तिथून थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात दोन सफरी करून आला. गावातला पालुडानुस नावाचा डॉक्टर, ज्याच्या घरात देशोदेशीची शिंपलं, बिया, हाडं मांडलेली आहेत, तो लिन्सखोटेनच्या मजकुराला टिपा जोडतो आहे. चित्रं योहानेस फान डोटेकम आणि त्याचा मुलगा बाप्टिस्टा यांच्याकडे गेली आहेत. गोवा शहराच्या मोठ्या नकाशावर बाप्टिस्टाचं नाव आणि 1595 हे साल आजही वाचता येतं.

कार्यशाळेत थंडी आहे आणि नाकाला तेजाबाचा वास झोंबतो. हैदराबादी माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. टेबलावर तांब्याचा घासून लख्ख केलेला पत्रा. तो तापवून त्यावर मेण आणि डांबराचं मिश्रण पातळ पसरलं आहे. पत्रा उलटा धरून खाली मेणबत्त्या फिरवल्या की काजळी बसते आणि पृष्ठभाग काळा होतो. या काळ्यावर सुईने रेघ ओढली की खालचं तांबं चमकतं. सुईला जोर लागत नाही, वहीवर लिहावं तशी ती चालते. मग पत्र्यावर तेजाब ओततात. जिथे तांबं उघडं आहे तिथेच ते खातं. जितका वेळ खाईल तितकी रेघ खोल, आणि छापताना तितकी काळी. हलक्या सावलीच्या रेघा लवकर झाकून टाकायच्या, गडद सावलीच्या पुन्हा तेजाबात ठेवायच्या. डोटेकमांची खासियत ही की तेजाबाने काढलेली रेघ ते छिन्नीने कोरलेल्या रेघेसारखी दाखवतात. मोबाइलवर तुम्ही पाहिलेली ती मधे फुगणारी रेघ इथून आली. छिन्नीचं काम महाग आणि वेळखाऊ, हे त्याहून झटपट, आणि दिसायला तसंच भारदस्त.

नक्षीकाराच्या मनगटाकडे बघा. तो पोटरीची रेघ ओढतो आहे. सारखं अंतर, सारखा दाब, दर वेळी तोच झटका. खाजनात मोड आलेलं भात फेकणाऱ्या मनगटाशी या मनगटाचं नातं आहे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. त्याच्यासमोर लिन्सखोटेनचा कागद आहे, पण मांडी कशी भरायची, खांदा कसा फिरवायचा हे त्याच्या हाताला आधीच ठाऊक आहे. इटालियन चित्रं आणि रोमन पुतळे यांच्या नकला करत त्या काळचे उत्तरेकडचे कारागीर शिकत. त्यात हाडकुळं अंग काढायचा सराव नसतो. म्हणून मजकुरात उपाशी असलेला माणूस पत्र्यावर आला तो व्यायामशाळेतून निघाल्यासारखा. कोणी ठरवून खोटं बोललं असं मला वाटत नाही. हाताला जे येतं तेच हात काढतो, आणि समोर प्रत्यक्ष माणूस नसला तर त्याला अडवणारं कोणी नसतं.

तुम्ही त्याला सांगा. टाच अशी नसते, पायाची बोटं फाकलेली काढ, कंबर कलती काढ. तो ऐकेल, पण पत्रा तेजाबात गेला आहे.

यावर उपाय होता, आणि तो दोनशे वर्षांनी अँटवर्पच्या एका माणसाने केला. बाल्थाझार सॉल्विन्स 1791 मध्ये कलकत्त्याला आला, बंगालच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत हिंडला, आणि त्यांची हत्यारं, होड्या, कामाची ठेवण स्वतः काढून स्वतःच तेजाबात उतरवली. 1799 मध्ये त्याचा अडीचशे चित्रांचा संच पुरा झाला. गिऱ्हाइकांना तो राकट वाटला आणि सॉल्विन्सला धंद्यात खोट बसली. काही वर्षांनी लंडनच्या एडवर्ड ऑर्मने त्यातली साठ चित्रं गोंडस करून, अंगं गुळगुळीत करून सॉल्विन्सच्याच नावावर, पण त्याला न विचारता बाजारात आणली. गोव्याच्या शेतकऱ्याबाबत जे नकळत झालं ते इथे जाणूनबुजून झालं, कारण डोळ्यांना सोसेल असा मजूर विकला जातो.

डोटेकमांकडे छपाई सुरू झाली आहे. पत्र्यावर शाई चोपडतात, मग कापडाने आणि तळहाताने वरची शाई पुसून फक्त रेघांतली राहू देतात. ओलसर कागद, वर लोकरी कापड, आणि दोन रुळांमधून पत्रा जातो. रूळ फिरवणारा गडी दांड्यावर पाय देऊन अंगाचं वजन टाकतो. कागद उचलला की चित्र पत्र्याच्या उलट येतं, डावं ते उजवं. मूठ कोणत्या हातात होती हे छापलेल्या कागदावरून छातीठोक सांगणं म्हणूनच कठीण.

1596 मध्ये आम्स्टरडॅमला कॉर्नेलिस क्लास्झच्या दुकानात पुस्तक विकायला येतं. तुम्ही गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहून त्यांची बोटं बघा. ती शेतकऱ्यावर थांबत नाहीत. ती नकाशांवर, मिऱ्यांच्या पानावर, बंदरांच्या खोलीवर थांबतात. समुद्रमार्गांचा भाग आधीच वेगळा छापून हौटमन या डच व्यापाऱ्याच्या जहाजांबरोबर पूर्वेला गेला आहे. दोन वर्षांत पुस्तकाचं इंग्रजी आणि जर्मन होईल, मग लॅटिन. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहील. 1636 पासून 1644 पर्यंत तिची जहाजं दर हंगामात गोव्याचं बंदर अडवून धरतील. गोव्याला स्वतःचं भात पुरत नव्हतं, कानडा किनाऱ्यावरून तांदूळ यायचा. ज्या पुस्तकात आपलं चित्र आहे त्याच पुस्तकाच्या आधाराने आलेली जहाजं एके दिवशी समुद्रात दिसतील, हे खाजनातल्या कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

1596 च्याच पावसाळ्यानंतर पुन्हा तिसवाडीला चला. आम्स्टरडॅममध्ये पानं शिवली जात असताना इथे मळणी चालू आहे. बारा वर्षं झाली. खाजनातला तो माणूस आता नांगर हातात नसतानाही कलत्या कमरेनेच चालतो. बैल बदलले आहेत. पोर मोठं झालं आहे आणि बैलांच्या मागे फिरतं आहे. खळ्यावर गावचा लिहिणारा बसला आहे. गावकीत म्हणजे गावाच्या सामाईक कारभारात शेतं लिलावाने कसायला दिली जातात आणि उत्पन्नातून आधी पोर्तुगीज राजाचा फोर म्हणजे सारा, मग गावखर्च, मग बांधाची दुरुस्ती निघते. उरलेल्यात गावकारांचे, म्हणजे गावकीच्या हक्कदारांचे वाटे. आपला माणूस गावकार आहे, नुसता कमी हक्काचा कुळाचारी आहे, की दुसऱ्याने लिलावात घेतलेल्या शेतात मजुरी करतो आहे? यावर त्याचं वर्षभराचं पोट अवलंबून आहे. लिन्सखोटेनने या तिघांना एका नावाखाली टाकलं आणि नक्षीकाराने तिघांना एक अंग दिलं.

मापाने भात मोजलं जातं. वीस कुडव म्हणजे एक खंडी. लिहिणारा कुडव सपाट करून घेतो आणि मोठ्याने आकडा म्हणतो. आपला माणूस म्हणतो, या पावसाळ्यात बांध दोनदा फुटला, दोन्ही वेळा रात्री आम्हीच उभे राहिलो, त्याची मजुरी वेगळी धरा. लिहिणारा म्हणतो, एकदाचीच नोंद आहे. आवाज चढतात. बाई मुसळ ठेवून बाहेर येते आणि कोणत्या दोन रात्री, कोण कोण होतं, पाणी कुठवर आलं होतं ते नावानिशी सांगायला लागते. लिहिणारा दौत पुढे ओढतो.